घराला खळ लावणारे झिबलजी

आमच्या घरमालकांनी एकदा अख्ख्या घराला खळ लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर गल्लीतल्या झाडून साऱ्या बकऱ्या रांगेनं उभ्या, आणि आमची पुढची भिंत चाटताहेत!

खळ म्हणजे तीच, सुताला लावतात ती. तांदळाच्या कण्या शिजवून केलेली घट्ट पेज. झिबलजी जन्माचे विणकर. जगातल्या कुठल्याही ढिल्या वस्तूला ताठ करायचा त्यांना एकच उपाय ठाऊक होता. पांढऱ्या मातीनं पोतलेली भिंत दर पावसाळ्यात भुरभुरते, हे त्यांना सहन होत नव्हतं. "खळीनं एवढंसं सूत ताठ राह्यते, मंग भिंत काहून नाही राह्यनार?" असं म्हणून त्यांनी मोठ्या गंजात पेज शिजवली, पांढऱ्या मातीत कालवली, आणि ताण्याला खळ देतात त्या कुंच्यानं दिवसभर भिंतीला देत बसले.

मी बकऱ्या हाकलायला धावले. झिबलजी मात्र ओट्यावर बसून कौतुकानं बघत होते.

"पाहा मास्तरीनबाई, चाटून राह्यल्या, तरी एक पोपडा नाही निघाला. पोत पाहा, पोत!"

बकऱ्यांच्या मागून मुंग्या आल्या, मुंग्यांच्या मागून आंबूस वास आला, आणि पाऊस लागला तशी भिंतीवर हिरवी बुरशी आली. तेव्हा झिबलजींनी मान हलवली आणि खुरपं घेऊन सगळी भिंत खरवडायला घेतली. चेहऱ्यावर दुःख नाही, पश्चात्ताप तर नाहीच. "उकलता येते ना? मंग भेव कायचं?" एवढंच म्हणाले.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे वर्गात मुलींची गणितं चुकली, तर माझ्याही तोंडून तेच निघू लागलं.

मी त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून आले तेव्हा इंग्रजांचा अंमल होता, आणि नागपुरात एकट्या बाईला खोली मिळणं म्हणजे दिव्य होतं. मी कुहीची. लग्नानंतर वर्षाच्या आत कपाळ मोकळं झालं. वडिलांनी हट्टानं नॉर्मल स्कूलला घातलं, आणि मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. पगार होता, डोक्यावर छप्पर नव्हतं. जिथे जावं तिथे आधी "बरोबर कोण आहे?" हा प्रश्न. बरोबर कोणी नाही म्हटलं की खोली कालच दिलेली असे. असे सगळे दरवाजे ठोठावून मी पाचपावलीच्या बाजूला विणकरांच्या गल्लीत पोचले. तिथे कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, एका जुन्या घराच्या छपरावर एक बुटका म्हातारा बसला होता. त्यानं वरूनच विचारलं, "कवेलू देता काय खालून? एकेक द्या. दोन नका देऊ, मले झेलता येत नाही."

मी पिशवी खाली ठेवली आणि कवेलू देऊ लागले. ओळ पूर्ण झाल्यावर ते खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "मागघर रिकामं आहे, पहिले माग होता तिथं. राहा. पन मी घर करून राह्यलो, थोडा धुरळा उडंन." बरोबर कोण आहे, हे त्यांनी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही. त्या एका न विचारलेल्या प्रश्नासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे, आणि त्यापुढे धुरळ्याची काय कथा!

धुरळा मात्र थोडा नव्हता. "घर करून राह्यलो", म्हणजे घर बांधतो आहे, हे झिबलजींचं कायमचं उत्तर. घर तर आजोबांच्या वेळचं, उभंच होतं. पण ते रोज कुठून तरी उकलायचे आणि परत विणायचे. गवंड्याला हात लावू देत नसत. का, तर एका कापडात दोन हात लागले की पोत बिघडतो. भिंत सरळ आहे की नाही, हे पाहायला आढ्यापासून सूत सोडून त्याला मागावर आडवं सूत नेणारा जुना धोटा बांधायचे. धोटा हलका, वारा आला की झुलायचा, आणि झिबलजी तो जिथे थांबेल तिथे खूण करायचे. त्यामुळे आमच्या घराची दक्षिणेची भिंत वाऱ्याच्या दिवशी बांधली आणि उत्तरेची पडलेल्या वाऱ्यात, हे कोणालाही नुसतं बघून सांगता आलं असतं.

मापं सगळी हातानं, तीही त्यांच्या स्वतःच्या. दाराची चौकट म्हणजे झिबलजींची उंची अधिक पागोट्यासाठी वीतभर. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. "घर कोनाचं? माहं. मंग माप कोनाचं घेऊ?" मी वाकून जायला शिकले.

आमच्या शाळेत तपासणी होती त्या दिवसाची गोष्ट. पहाटे गरम पाण्याची बादली घेऊन न्हाणीत गेले, तर न्हाणीला एक भिंतच नाही! पलीकडे शेजारच्या सगुणाबाई दात घासत उभ्या. दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो.

"झिबलजी!" मी ओरडले.

"भिंत आखूड पडली होती जी," ते आडोशाहून म्हणाले. "उकलली. संध्याकाळपर्यंत इनून देतो."

"अन् मी आता आंघोळ कशी करू?"

थोड्या वेळानं आडोशाहून एक हात आला. त्यात घरच्या मागावरचं जाड पासोडीचं कापड. "हे धरा. भिंतीपरीस पक्कं आहे. माह्या हातचं आहे."

सगुणाबाईंनी तोंड धुऊन ते दोन्ही हातांनी ताणून धरलं, आणि सबंध वेळ त्या झिबलजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. तरी कापड त्यांनी इंचभर खाली येऊ दिलं नाही. मी ओल्या केसांनी शाळेत पोचले. तपासणीस बाईंनी विचारलं, "प्रकृती बरी आहे ना?" मी म्हटलं, घराचं काम चालू आहे. त्यांना काही उलगडा झाला नसावा.

घरामागची सांदवाडी हे त्यांचं दुसरं वेड. तिथे पूर्वी नुसता उकिरडा होता. झिबलजींनी तो उपसला, माती चाळली, खुंट्या ठोकून या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतं ताणली, आणि त्या सुतांखाली भाजी पेरली. दोन्ही बाजूंना लाल माठाचा काठ. मधे हिरव्यागार पालकाचं अंग. विहिरीकडच्या टोकाला झेंडूचा पदर. उगवलं तेव्हा खरंच वाटलं, कोणीतरी ओलं लुगडं वाळत घातलंय. गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या.

पंचाईत एवढीच होती की त्यातलं पान तोडायची सोय नव्हती. सगुणाबाईंनी एकदा मूठभर माठ उपटला, तर झिबलजी घरातून पळत आले. "अवं, काठ फाटला ना वं!" सगुणाबाई म्हणाल्या, "भाजी आहे का लुगडं?" तेवढ्या जागी संध्याकाळी त्यांनी दुसरी रोपं आणून लावली. घरामागे भाजीचा मळा, आणि मी बाजारातून विकत पालक आणते, असे माझे दिवस चालले होते. माझ्या नाकी नऊ आले.

मग एका सकाळी झेंडू पूर्ण फुलला. झिबलजींनी विळा घेतला आणि एका बाजूनं सगळं कापत सुटले. मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दुपारपर्यंत गल्लीतल्या एकूण एक घरी भाजीची जुडी आणि वर दोन झेंडू पोचले होते. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "इनून झालं का मागावरून उतरवाच लागते. ठेवून काय करता?" दुसऱ्या दिवशी पुन्हा मोकळी माती, पुन्हा खुंट्या, पुन्हा सुतं.

इतकं सारं रोज उकलणाऱ्या या माणसानं माझ्या खोलीत मात्र एका गोष्टीला हात लावला नव्हता. ती म्हणजे मागाचा गड्डा.

विणकराचा माग जमिनीलगत असतो. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खालच्या गड्ड्यात सोडतो. तिथल्या पावड्या पायानं दाबत राहायच्या. माझ्या खोलीतला माग केव्हाच गेला होता, गड्डा तेवढा उरला होता. झिबलजींनी त्यावर फळ्या टाकून दिल्या होत्या. फळ्या धड बसत नव्हत्या, चालताना खटखटायच्या. मी नवी आले तेव्हा एकदा म्हटलं होतं, हा बुजवून टाका ना. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढे सगुणाबाईंनी सांगितलं.

"भागरथा होती ना, त्याची बायको. ते मेली अन् यानं चौथ्या दिवशी माग मोडून इकून टाकला. अर्धं इनलेलं धोतर तसंच उतरवलं. अन् पाचव्या दिवशी आंगनाची भिंत पाडली. तेव्हापासून हे असंच सुरू आहे, बाई. हात रिकामे राह्यले का त्याले रडा येते. मंग कायतरी पाडते."

त्यानंतर मी फळ्यांवरून हळू चालू लागले.

पण वेळ अशी आली की मलाच तो विषय काढावा लागला. वडिलांच्या अंगावरून वारं गेलं. बाबा म्हणजे आमच्या भागातले जुने पटवारी. सारा जन्म शिवारं पायी तुडवलेला उंचनिंच माणूस. जीव वाचला, वाचाही परत आली, पण डावा पाय ताठला. मांडी घालता येईना. दादाच्या घरी, कुहीला, वहिनी मनापासून करत होत्या; पण बाबांनी जेवणच टाकल्यासारखं केलं. कारण काय, तर खाटेवर बसून जेवायला त्यांना लाज वाटे. अंथरुणावर खरकटं करायचं म्हणजे दुखणाईताचं जिणं. दादानं कुठूनशी खुर्ची आणली. सगळे खाली पाटांवर आणि बाबा वर खुर्चीत, मांडीवर ताट. एक घास खाऊन म्हणाले, "मी काय कमिशनर आहे? उतरवा मले." त्यानंतर खुर्चीला हात लावला नाही. पंगतीला बसता येत नाही म्हणून तो माणूस दिवसेंदिवस उपाशी वाळत होता. सुटीत मी गेले तर त्यांचं मनगट माझ्या मुठीत मावलं. मी घाबरले.

मी दादाला म्हटलं, बाबांना माझ्याकडे पाठव. इथे दवाखाना जवळ आहे, आणि मी असेन तर कदाचित जेवतील. दादा म्हणाला, आधी जागा पाहू दे.

तो आला आणि दारातच त्याचं कपाळ चौकटीवर आदळलं. कपाळ चोळत आत शिरला तो थेट फळीवर. फळी उलटली, आणि दादाचा एक पाय गुडघ्यापर्यंत गड्ड्यात.

"बाबाले इथं आनू?" दादा पाय काढत म्हणाला. "आधीच एक पाय गेला, दुसराही घालवतं काय त्याहिचा? हा गड्डा बुजव. धान कापून झालं का मी बाबाले घेऊन येतो. गड्डा दिसला तं तसाच परत नेईन, सांगून ठेवतो."

तेवढ्यात झिबलजी सूत घेऊन आले. दादा ओट्यावर बसला होता. त्यांनी काही न विचारता त्याच्या डोक्यापासून खालपर्यंत माप घेतलं, आणि मग वाकून त्याच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत.

"हे काय करता?" दादा पाय आखडत म्हणाला.

"तुमचे बाबा तुमच्याएवढेच काय जी?"

"दोन बोटं जास्त."

"दोन बोटं," असं पुटपुटत झिबलजींनी सुताला गाठ मारली आणि निघून गेले. मला वाटलं चला, चौकट उंच करणार. चौकट त्यांनी केलीही. दुसऱ्याच दिवशी वरची भिंत उकलली, आणि उंची अशी काही वाढवली की दारात उभं राहिलं की आढं दिसायचं. "आता कमिशनर आला तरी येईन," म्हणाले.

पण गड्ड्याचं काही होईना. मी बाबांच्या डाव्या पायाचं, खुर्चीचं सगळं सांगितलं आणि स्पष्ट म्हटलं, झिबलजी, बाबांसाठी एवढं कराच. नाहीतर ते यायचे नाहीत, आणि तिथे राहिले तर वाचायचे नाहीत. त्यांनी खाली मान घातली. "उकलता येते" वगैरे काही म्हणाले नाहीत. मातीच्या टोपल्या आणून दाराशी ढीग घातला, आणि तो ढीग तसाच पडून राहिला. आज काय, तर माती ओली आहे. चार दिवसांनी काय, तर फारच कोरडी झाली. मग एक दिवस पाहते तर ढीग निम्मा झालेला! मी हरखून आत गेले, तर फळ्या जशाच्या तशा, आणि वर झिबलजींचा दम: "उघडू नका, ओलं आहे!" मातीचं काय केलं म्हणून सांदवाडीत पाहिलं, तर तिथे नवे वाफे. मी डोक्यावर हात मारून घेतला. ज्या माणसानं माझी न्हाणी एका पहाटेत नाहीशी केली, त्याला एक गड्डा महिनोन्‌महिने बुजवता येत नव्हता!

का येत नव्हता हे मला कळत होतं. म्हणून भांडताही येईना. रात्री फळ्यांकडे पाहत पडायचे आणि डोळ्यांपुढे बाबांचं ते मनगट यायचं.

आणि एके दिवशी, धान घरात आल्याबरोबर, आधी काही न कळवता दादाचा छकडा गल्लीत येऊन उभा राहिला. रविवार होता, सगुणाबाई आणि मी चुलीपाशी होतो. छकड्यात गवतावर गादी, गादीवर बाबा. मी हातातलं तसंच टाकून धावले. ते अर्धे झाले होते.

दादानं त्यांना खांद्याचा आधार देत आत आणलं. आत येताच त्याची नजर फळ्यांवर गेली.

"बुजवला नाही ना?" तो माझ्याकडे वळला. "बाबा, चला. परत जाऊ."

"दादा, थोडं ऐक..."

"काय ऐकू? म्हाताऱ्या माणसाले रात्री उठावं लागते. पडला तं कोन जबाबदार?"

त्याचं खोटं नव्हतं. मी झिबलजींकडे पाहिलं. राग असा आला होता की त्यांना मी काय बोलले असते कोणास ठाऊक. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी वाकून एकेक फळी उचलली आणि भिंतीला उभी केली.

गड्डा तोच नव्हता. बाजू गुळगुळीत लिंपलेल्या, कडेची धार मोडून गोल केलेली. खाली विटा रचून तळ वर घेतलेला, आणि डाव्या अंगाला मातीचा उतार, ताठ पाय टेकेल असा. कडेवर घडी घातलेली वाकळ. समोर गड्ड्याच्या तोंडावर आडवा बसेल असा पाट. झिबलजींनी आढ्यावर गुंडाळून ठेवलेली एक जाड दोरी सोडली. तिला धरायला दोन गाठी होत्या.

"टेका जी पटवारीबुवा," ते म्हणाले. "मी तीस वर्सं बसलो इथं. पडत नाही मानूस."

दादा काही बोलायच्या आत बाबांनी दोरी धरली. झिबलजींनी एका बाजूनं काखेत हात घातला, दादानं दुसरीकडून, आणि बाबा खाली बसले. पाय गड्ड्यात गेले. उजवा विटांवर टेकला, डावा उतारावर अलगद लांब झाला. बाबांनी हळूच दोरी सोडली. मग दोन्ही हात दोन्ही बाजूंना जमिनीवर ठेवले, आणि जमीन चाचपत राहिले. आजारपणानंतर पहिल्यांदा ते भुईवर बसले होते, आणि कोणी धरलं नव्हतं.

"ताटं वाढा वं," बाबा म्हणाले.

आम्ही ताटं वाढली. वरण, भात, वांग्याची भाजी. बाबांचं ताट समोरच्या पाटावर, आमची खाली. पण बाबा आमच्याच उंचीला होते, शेजारी दादा, समोर मी. पंगत झाली. बाबांनी भात मागून घेतला. मग दुसऱ्यांदा मागितला. दादा घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला होता, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सगुणाबाईंनी वरणाची वाटी दोनदा माझ्या ताटात ओतली, कारण त्यांनाही नीट दिसत नव्हतं.

सारं काही सुरळीत झालं, असं मात्र समजू नका. झिबलजींनी गड्ड्याच्या कडेला हौसेनं गेरूचा काठ काढला होता आणि तो वाळला नव्हता. बाबांचं पांढरं धोतर मागून लालभडक झालं. आणि उठताना दोरीची वरची गाठ सुटली. ती नंतर दादानं स्वतः चढून बांधली.

मी झिबलजींना म्हटलं, "मले एका शब्दानं सांगायचं ना जी! मी किती झुरले."

"कापड मागावर असताना कोनाले दाखवत नाही," ते म्हणाले. मग जमिनीकडे पाहत म्हणाले, "अन् बुजवाले तं बसलो होतो मी. दोन टोपल्या टाकल्याही. मंग तिसरी उचलवंना. मंग ते मापाचं सूत काढून पाह्यलं, तं वाटलं, बसते का हा मानूस याच्यात. पाहू."

बाबा त्यानंतर सात-आठ वर्षं माझ्याजवळ होते. अंगानं भरले, काठी घेऊन सांदवाडीपर्यंत जाऊ लागले, गल्लीतल्या लोकांचे जमिनीचे कज्जे तिथे गड्ड्याच्या कडेला बसून सोडवू लागले. मला माझे वडील परत मिळाले. पुढे मी पुष्कळ घरं पाहिली, सरळ भिंतींची, पक्क्या छपरांची. पण कोणी मला घर दिलं, असं विचारलंत तर माझ्या तोंडी एकच नाव येतं. त्या वेड्या माणसानं आपल्या आयुष्यातली सगळ्यात दुखरी जागा आम्हाला बसायला दिली. हे मी त्यांना कधी नीट बोलून दाखवू शकले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

त्या पहिल्या दिवशीचं एवढंच राहिलं सांगायचं.

जेवणं आटोपली. दादा बैल सोडायला गेला होता. बाबा परत गड्ड्याशी टेकून सुपारी कातरत होते. झिबलजी दारात उभे. त्या खोलीत मी त्यांना वाकलेलं पाहिलं होतं, उकिडवं पाहिलं होतं, पण टेकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"बसा ना जी तुमीही," बाबा म्हणाले.

झिबलजी आत आले. कुठे बसावं, हे त्यांना कळेना. शेवटी ते बाबांच्या मागच्या बाजूला, भिंतीशी जाऊन बसले. त्या कोपऱ्यातली हातभर जमीन त्यांनी सारी खोली नव्यानं केली तेव्हाही तशीच जुनी ठेवली होती. ती राहून गेली असेल, असं मला वाटायचं.

"भागरथाची जागा," सगुणाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "तिथं बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरे ते."

झिबलजी भिंतीला टेकले. बाबांच्या पाठीकडे बघत राहिले.

"इथून तं निस्ती पाठ दिसते," ते म्हणाले.

"काय म्हनता जी?" बाबांनी मान न वळवता विचारलं. त्यांना मान फारशी वळवता येत नसे.

"नाही... ते इथं बसे. मी मागावर. मी म्हनो, बोलत काहून नाही वं दिवसभर? ते नुसती हासे." त्यांनी हातानं ती जुनी जमीन चाचपली. "इथून तं मानसाचं तोंडच दिसत नाही, बाप्पा. जनमभर तिनं माही पाठच पाह्यली."

बाहेर दादा बैलांना पाणी दाखवत होता, तेवढाच आवाज.

"पटवारीबुवा," झिबलजी म्हणाले, "उलीसं इकडे फिरून बसता काय गा?"

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. दोरी धरली, आणि ताठलेला पाय हातानं उचलून घेत, हळूहळू, पुरते त्यांच्याकडे वळून बसले.